बिनचामड्याची तोटी

मार्गशीर्ष वद्य तृतीया, मंगळवार. रक्कम पाच रुपये, नळाच्या जोडणीबद्दल म्युनिसिपालिटीत भरलेली. हजर माणसे चार: घराचे मालक, त्यांच्या थोरल्या विधवा बहीण अक्का, नळाचे काम करणारा पास्कू मिस्त्री, आणि पुढच्या दोन खोल्यांचा भाडेकरू म्हणून मी. ठाण्यात नळाचे पाणी येऊन तेव्हा काही वर्षे झाली होती. चेंदणीच्या बाजूला, आमच्या आळीत, ते त्या दिवशी पहिल्यांदा आले.

पास्कूने अंगणातल्या नळाची चावी फिरवली, पाणी आले. उलट फिरवली, पाणी थांबले. मालकांनी वळून अक्कांकडे पाहिले. त्या कळशी घेऊन तुळशीजवळ उभ्या होत्या.

"थांबतं कशानं?" अक्कांनी विचारले.

पास्कू सरळ माणूस. त्याने पान्याने तोटी सोडवली आणि आतली पैशाएवढी चकती तळहातावर घेऊन पुढे केली. "ही दाबून बसते, आक्का. मंग पानी थांबते."

"कशाची आहे?"

"चामड्याची."

अक्कांनी कळशी कमरेवर घेतली आणि रोजच्यासारख्या देवळामागच्या विहिरीकडे निघून गेल्या. पास्कू मालकांकडे बघून म्हणाला, "पानी तं चांगला हाय ना, मालक?"

"पाणी चांगलंच आहे," मालक म्हणाले. "पण आणलं होतं तिच्यासाठी."

हे खरे होते. मालकांना स्वतःला नळाची हौस नव्हती. अक्कांना मोतीबिंदू झाला होता. डावा डोळा गेल्यासारखाच होता आणि उजव्याला माणूस आणि खांब यांतला फरक माणूस बोलल्यावर कळत असे. त्या विहिरीला कठडा एकाच बाजूला होता आणि पायऱ्या शेवाळलेल्या. आदल्या वर्षी अक्का तिथे घसरल्या होत्या. कळशीला पोचा आला आणि अक्कांच्या कोपराला खोक पडली. त्यांनी दुःख केले ते कळशीचे. त्या पायऱ्यांवरून अक्का एक दिवस खाली जाणार, हे सगळ्या आळीला दिसत होते. खुद्द अक्कांना तेवढे दिसत नव्हते. त्यात विहिरीचे पाणी मचूळ, आणि उन्हाळ्यात खाडी वर चढली की पार खारट. तेच पाणी अक्का पीत, आणि अक्का पीत म्हणून मालकही तेच पीत. अंगणातले गोड पाणी आम्ही भाडेकरूंनी वापरले.

मालक मोजणी खात्यात होते. जमिनीवर साखळी टाकण्यात सगळी उमर गेली, आणि पेन्शन घेतली तरी साखळी सुटली नाही. जे डोळ्यांनी पाहिले नाही त्यावर सही करायची नाही, हा नोकरीतला नियम त्यांनी घरी आणला होता. मी एकदा सहज म्हणालो, "काल कल्याणला जोराचा पाऊस झाला."

"तुम्ही होतात तिथे?"

"नाही. ऐकलं."

"मग झाला म्हणतात, असं म्हणा."

भाड्याची पावती देताना ते नाणी मोजत, ती बरोबर निघाली की पुन्हा मोजत, आणि 'मोजून घेतले' असे लिहीत. मला स्वतःला कचेरीतल्या कारकुनीमुळे हिशेबाची सवय असल्यामुळे याचा राग येत नसे. पण त्यांच्याशी बोलून मी दमत असे, हे खरे आहे. साध्या वाक्याला साधे उत्तर त्यांच्याकडून मिळायचे नाही. माझे कुटुंब म्हणे, "मालकांना बरं आहे का म्हणून विचारू नका. ते आधी कोणत्या अवयवाचं म्हणून विचारतील."

नळ आल्यापासून त्यांना आणखी एक नाद लागला. ते नळी ऐकत. अक्कांचे जुने लाटणे घेऊन त्याचे एक टोक नळीला लावायचे, दुसरे कानाला, आणि डोळे मिटून उकिडवे बसायचे. एकदा आमच्या स्वयंपाकघराची भिंत खालून ओली झाली. मी म्हणालो, नळी फुटली असणार, भिंत फोडू या. मालक म्हणाले, "आधी ऐका, मग उघडा." तीन सकाळी ते लाटणे घेऊन आमच्या चुलीशेजारी बसले. माझ्या कुटुंबाला स्वयंपाक करणे मुश्कील झाले. चौथ्या दिवशी त्यांनी निकाल दिला: नळी धडधाकट आहे, तुमच्या रांजणाला चीर आहे. रांजण उचलून पाहिला, तर चीर होती. भिंत वाचली. कुटुंबाने मात्र रांजणाची गोष्ट बरेच दिवस कोणाला सांगू दिली नाही.

आज माझे स्वतःचे घर आहे आणि नळही आहे. तोटी गळू लागली की मी मिस्त्रीला बोलावण्याआधी लाटणे शोधतो. मुले हसतात. पण ठिबकणे तोटीतून आहे की सांध्यातून, हे ऐकून कळते. उघडल्यावर सगळीकडेच पाणी असते.

तर चामड्याचे. पहिल्यांदा मालकांनी तळ्याकाठच्या शास्त्रीबुवांचे मत घेतले. शास्त्रीबुवांनी सांगितले की वाहत्या पाण्याला दोष लागत नाही, बहीणबाईंनी खुशाल प्यावे. मालकांनी ते घरी येऊन जसेच्या तसे सांगितले.

अक्का म्हणाल्या, "शास्त्रीबुवांची विहीर त्यांच्या दारात आहे."

मग मालकांनी स्वतःच चकती करायचे मनावर घेतले. तोटीत चामड्याऐवजी दुसरे काहीही चालले असते, फक्त ते मऊ हवे होते, टिकायला हवे होते आणि अक्कांना चालायला हवे होते. पहिल्यांदा काथ्या वळून त्याची वेटोळी केली. काथ्याने पाणी अडवले नाही, फक्त गाळले. बांगड्यांची लाख आणून तिची चकती ओतली. ती पहिल्याच दाबाला तडकली. सुपारीच्या झाडाची विरी, म्हणजे झावळीच्या बुंध्याचे रुंद साल, कापून बसवली, ती आठ दिवस छान राहिली. मग कुजली आणि अंगणात उभे राहवेना. एका डॉक्टरकडून बाटलीचे बूच आणले. ते अगदी नेमके बसले. मालक आनंदाने अक्कांना सांगायला गेले.

"बूच कसलं?"

"बाटलीचं."

"बाटलीत काय होतं?"

"औषध."

"कशात कालवलेलं?"

मालकांनी तोटी सोडवून बूच काढले आणि नाकाला लावले. दारूचा वास होता. त्यांनी ते फेकून दिले. मी बाजूलाच होतो. मी म्हणालो, "मालक, काथ्याचं आहे म्हणून सांगायचं. त्यांना कुठे दिसतंय?"

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की मी नव्या खोल्या शोधाव्या लागतील अशा हिशेबाला लागलो. पण ते रागावले नव्हते. "दिसत नाही म्हणूनच ती विचारते, कारकून," ते म्हणाले. "दिसत असतं तर विचारलं नसतं."

शेवटी त्यांना आठवले की चकतीवाचूनही तोटी असते. पितळेच्या नळीत पितळेचीच आडवी खुंटी बसवायची, खुंटीला भोक पाडायचे. खुंटी फिरवली की भोक आड जाते आणि पाणी थांबते. तांबटाकडून त्यांनी ती ओतून घेतली आणि मग स्वतः ओटीवर बसून, बारीक वाळू आणि पाणी लावून, खुंटी नळीत घासत राहिले. अर्धा पौष आणि अर्धा माघ तो आवाज आमच्या घरात होता. कचेरीतून आलो की तो ऐकू येई, जेवताना ऐकू येई. रोज खुंटीला काजळी लावून आत फिरवायची, कुठे लागते ते बघायचे, पुन्हा घासायचे. हात पिवळे झाले, नखे गेली. साठीला आलेला माणूस तो. कामातून उठला की कंबर धरून उभा राही आणि कोणी काही विचारू नये अशी मान हलवी.

खुंटी नुसती फिरत नाही, तिला ओशट काहीतरी लागते. पास्कू म्हणाला, आम्ही चरबी लावतो. मालकांनी त्याला हळू बोलायला सांगितले. त्यांनी तूप लावले. दुसऱ्या दिवशी तोटीतून पाण्याबरोबर मुंग्या आल्या. मग मेण लावले, ते जमले. सांध्यांना पास्कूच्या पद्धतीनेच ताग गुंडाळून शेंदूर आणि जवसाचे तेल भरले. शेंदूर आणला तो मारुतीला वाहायचा, त्याच दुकानातून.

माझ्या कुटुंबाने दारातून विचारले, "मालक, आता शनिवारी नळाला तेल घालायचं का?"

"गळला तर घालू," मालक म्हणाले. त्यांना थट्टा कळत नसे असे नाही. तिला उत्तर देणे ते कर्तव्य समजत.

माघात एका सकाळी, पाणी यायच्या वेळेला, तोटी बसवून झाली. मालकांनी खुंटी आडवी केली. थेंब नाही. तोटीखाली कोरडा कागद ठेवून आम्ही बसलो. कागद कोरडा राहिला. त्यांनी अक्कांना हात धरून आणले, त्यांची बोटे खुंटीवर ठेवली आणि सगळे सांगितले: पितळ किती, मेण कुठले, ताग कोणाकडचा, शेंदूर कोणता. चामडे नाही, चरबी नाही. अक्कांनी खुंटी फिरवली, पाणी आले. पुन्हा फिरवली, थांबले. मी त्या घरात राहायला आल्यापासून त्यांना हसताना तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

"आणि रस्त्यात, बाळा?" त्या म्हणाल्या.

"रस्त्यात काय?"

"हे बंद करतो आपण. पण पाणी सकाळी येतं, दुपारी जातं. तिथे कोणी बंद करत असेल ना? तिथे काय आहे?"

मालकांनी 'चामडं नाही' एवढे म्हटले असते तरी पुरले असते. "मला माहीत नाही, अक्का," ते म्हणाले. "बघून येतो."

ते तसेच, हातापायांना शेंदूर लागलेले, पास्कूला शोधायला गेले. मी कचेरीची वेळ झाली तरी मागोमाग गेलो, कारण त्यांना थांबवता येईल असे मला वाटले. नाक्यावर जमिनीत लोखंडी झाकण होते आणि पास्कू त्याच्यापाशीच बसला होता.

"ह्याच्यात काय आहे रे?" मालकांनी विचारले.

"चामडा," पास्कू म्हणाला. "केवढा मोठा. दावू काय?"

"दाखव."

त्याने आपल्या पेटीतली नवी चकती काढून दाखवली, भाकरीएवढी. मालकांनी ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली. पास्कूला कळेना की म्हाताऱ्याला झाले काय. "अवो मालक, चामडा नाय तं येवढा पानी थांबल कसा?"

परतताना मी त्यांच्याशी भांडलो. "त्यांना सांगायची गरज काय? तुमची तोटी तुम्ही नीट केली. उंबऱ्याबाहेरचं तुमच्याकडे नाही."

"तिनं उंबऱ्याबाहेरचंच विचारलं."

"विहिरीत पडल्या तर?"

ते चालत राहिले. घरी जाऊन त्यांनी सांगितले. अक्का "बरं" म्हणाल्या, तोटीवरून एकदा हात फिरवला आणि कळशी घेऊन निघाल्या.

फाल्गुनात मालकांनी मागच्या पडवीत दगडांचे चार हात उंच जोते बांधले. त्यावर तांब्याचा मोठा हंडा चढवला, हंड्याच्या बुडाला नळी जोडली, ती भिंतीतून अक्कांच्या स्वयंपाकघरात घेतली आणि तिथे ती पितळी तोटी बसवली. अंगणात पास्कूची चामड्याचीच परत लावली. मग ते पहाटे अंघोळ करून ओलेत्याने विहिरीवर जात, पाणी आणत, जोत्याला लावलेल्या शिडीवरून चढत आणि हंडा भरत. अक्का उठायच्या आत हंडा भरलेला असे. अक्कांना विहिरीवर जायला कारणच उरले नाही. पाणी तेच मचूळ, फक्त आता ते नळाने येई.

आळी हसली. अंगणात गोड पाण्याचा नळ, आणि हा माणूस विहिरीचे पाणी चार हात वर चढवतो, कशाला, तर ते खाली यावे म्हणून. मीही एकदा म्हणालो, "पाणी आणताच आहात, तर हंडा सरळ स्वयंपाकघरात ठेवा. वर चढायचं कशाला?"

"हंड्यात तांब्या घालायचा तर पाणी कुठवर आहे ते दिसावं लागतं," ते म्हणाले. "तोटी हाताला लागते." मग थोड्या वेळाने, "आणि केलीय ना ती."

असे जवळजवळ दीड वर्ष चालले. रोज दहा खेपा. दुसऱ्या पावसाळ्यात ते शिडीच्या मधल्या पायरीवर थांबू लागले, मग प्रत्येक पायरीवर. मी खेपा करायला तयार होतो, पण अक्कांच्या सोवळ्यात माझे कचेरीतले शरीर मालकांना पटत नव्हते. ते तोंडाने एवढेच म्हणत की तुम्हाला उशीर होईल.

श्रावणात ते तापाने पडले. छातीत कफ भरला. वैद्याने सांगितले, उठायचे नाही, आणि विहिरीचे नाव तर काढायचेच नाही. आता त्यांचा इलाज नव्हता. अंघोळ करून तीन दिवस मी पाणी भरले. चौथ्या दिवशी मला कचेरीच्या कामाने खडवलीकडे जावे लागले. माझे कुटुंब तेव्हा शहाडला माहेरी होते. मी अक्कांना म्हणालो, "हंडा भरलेला आहे. पुरवून वापरा. विहिरीवर मात्र जाऊ नका."

"नाही जात," अक्का म्हणाल्या.

पाच दिवसांनी सकाळी मी परत आलो. अंगणात नळ चालू होता. अक्का नळाखाली तांब्या धरून बसल्या होत्या. तांब्या भरला, तशा उठल्या, भिंतीला हात लावत पडवीत गेल्या, शिडीच्या दोन पायऱ्या चढल्या आणि तांब्या हंड्यात ओतला. मग परत आल्या. मी दिंडीच्या आत उभा होतो. त्यांनी पावलांवरून ओळखले असणार.

"कारकून का?"

"हो."

"काय पाहिलंत?"

मी हातातली वळकटी खाली ठेवली. "आत्ताच येतोय, अक्का. काही नाही पाहिलं."

"बाळ विचारील, हंडा कोण भरतं. तुम्ही तर नव्हतात. मी शेजारच्या कुलकर्ण्यांची सून भरते म्हणून सांगितलंय. अंघोळ करून, विहिरीवरून." त्यांनी तांब्या पुन्हा नळाखाली धरला. "नाहीतर तो उठेल."

मी आत गेलो. मालक भिंतीला टेकून बसले होते, अंगातले हाड न् हाड दिसत होते. मागून अक्का आल्या, तोटी फिरवून फुलपात्र भरले आणि त्यांच्या हातात दिले. त्यांनी एक घोट घेतला. मग थांबले. मग दुसरा घेतला, आणि तो तोंडात जरा वेळ धरून ठेवला.

"अक्का, पाणी गोड लागतंय."

"तापात जीभ बिघडते, बाळा."

मी दाराशी होतो. ज्या माणसाने कल्याणच्या पावसावर विश्वास ठेवला नाही तो आता काय विचारील, म्हणून मी जमिनीकडे बघत राहिलो. त्यांनी फुलपात्र संपवले.

"असेल," ते म्हणाले.

त्यानंतर ते दोन वर्षे जगले. घरात हिंडत, ओटीवर बसत, पावती मोजून देत. शिडी पुन्हा चढले नाहीत. कुलकर्ण्यांच्या सुनेला त्यांनी एकदाही हाक मारून विचारले नाही. लाटणे ते आमच्या भिंतीतल्या नळीला लावत, शेजाऱ्यांच्या नळांना लावत. पडवीतल्या नळीजवळ ते कधी नेले नाही. अंगणातला नळ सकाळी चालू झाला, की ते पोथी घेऊन पुढच्या ओटीवर जाऊन बसत, आणि तो बंद झाल्यावर आत येत.

त्यांचे दिवस झाल्यावर अक्कांनी मला बोलावले. पदराच्या गाठीतून अडीच रुपये काढून माझ्या हातात मोजून दिले. म्हणाल्या, शास्त्रीबुवांना द्या, प्रायश्चित्त सांगतील ते मी करीन. सव्वा रुपया झालेल्याबद्दल, आणि सव्वा रुपया पुढच्याबद्दल. कारण आता विहिरीवर जाणे होत नाही, आणि रोज रोज तुम्हाला कुठे पाठवू.

शास्त्रीबुवांनी कशाबद्दल म्हणून विचारले. मला सांगितलेले नाही, असे मी म्हणालो. त्यांनी तीन उपास आणि एक जप सांगितला, पहिला सव्वा रुपया घेतला आणि दुसरा परत केला. अजून न झालेल्याचे प्रायश्चित्त देता येत नाही, म्हणाले.

अक्कांनी ते ऐकून घेतले. "मग राहू द्या," त्या म्हणाल्या. "अंगणातला नळ चार दिवस ठिबकतोय. मला ऐकू येतं. त्याचं काय असेल ते आणा त्यातून."

मी आधी लाटणे लावून ऐकले, मग उघडले. चकती झिजून कागदासारखी झाली होती. नवी मी स्वतः बसवली. चार आणे पास्कू मिस्त्रीला दिले, चामड्याबद्दल. उरलेला रुपया अक्कांना परत केला.